अळणी, मुळा आणि हातची शेवई

भोसले घाटावर मटण शिजत नाही, आणि शिजावे असे कुणी म्हणणारही नाही. नागपूरकर भोसल्यांनी १७९५च्या सुमारास बांधलेला हा बनारसचा दगडी घाट. वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर, जवळच यमेश्वर आणि यमादित्य, आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोडे चालले की मणिकर्णिका. तरीही मटण, भाज्या आणि घरच्या शेवया एका भांड्यात आणणाऱ्या पदार्थाचे विवेचन इथून सुरू करायला कारण आहे. ज्या मुलखाच्या पैशावर हा घाट उभा राहिला, त्या मुलखात झणझणीत मटणही आहे आणि उन्हाळ्यात दारोदारी वाळणाऱ्या शेवयाही. ज्या शहरात तो उभा आहे, तिथे ईदच्या तोंडावर बारीक किमामी शेवईचे ढीग लागतात. आणि घाटापासून दहाएक किलोमीटरवर, सारनाथला, १९६७ साली स्थापन झालेल्या तिबेटी उच्च शिक्षण संस्थेमुळे वसलेल्या लोकांत थुक्पा आहे: मांसाचे पाणी, त्यात मुळा, पालेभाजी आणि हाताने तोडून सोडलेले कणकेचे तुकडे.

पहिल्या दोन ठिकाणी शेवई आणि मटण एकाच घरात राहतात, पण एका भांड्यात येत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी त्यांची गाठ रोजची आहे. हा फरक रुचीचा आहे, सोवळ्याचा आहे की तंत्राचा, हा या विवेचनाचा प्रश्न. माझे उत्तर असे, की सोवळ्याने अर्धे कारण सांगून होते, रुची हे कारणच नाही, आणि उरलेली अर्धी अडचण रश्श्याची आहे, शेवईची नाही. त्या अडचणीवरचा तोडगाही मराठी स्वयंपाकघरात आधीपासून आहे. त्याला अळणी म्हणतात.

शेवई गोड का राहिली

कणकेपासून धागे, वळ्या आणि दाणे करण्याची आपली परंपरा लहान नाही. देशावर तिरक्या पाटावर तळहाताने वळत, ओढत काढलेल्या हातशेवया. विदर्भात काडीवर गुंडाळून वाळवलेले सरगुंडे. लग्नाच्या रुखवतात मिरवणाऱ्या नखुल्या, मालत्या, बोटवे आणि गव्हले. कोकणात तांदळाचे शिरवाळे. यांतले जवळजवळ सगळे शेवटी गोडाकडे जाते. शेवयांची खीर होते, सरगुंड्यांवर आमरस नाहीतर गुळाचे पाणी पडते, शिरवाळ्यांवर नारळाचा गोड रस येतो. मुसलमान घरांत शेवई शीरखुर्म्यात जाते. धर्म बदलला तरी साखर सुटत नाही. शेवयांचा तिखट उपमा हा नाश्त्याच्या बशीतला अपवाद. तोही मटणापर्यंत पोचलेला नाही.

मूळ पदार्थच गोडाला लागणारा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. शिरवाळ्यांचे सख्खे भावंड असलेले इडिअप्पम केरळात आणि तमिळनाडूत मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. मंगळुराकडे तांदळाच्या शेवया कोंबडीच्या रश्श्यात बुडवतात. सोऱ्या तोच, उकड तीच. मालवणात तिच्यावर गूळ पडतो, थोडे दक्षिणेला सरकले की मांस. म्हणजे जिभेला ही जोडी अवघड नाही.

खरे कारण वर्षाच्या वेळापत्रकात सापडते. आपली शेवई ही चैत्र-वैशाखाची गोष्ट. गहू ओलवून, दळून, कापडाने गाळून सपीठ काढायचे, चार घरच्या बायका जमवायच्या, खाटेवर कडक वाळवायचे आणि पापड-कुरडयांशेजारी डब्यात भरायचे. तो डबा उघडतो तो सणाला, लग्नाला, पाहुणा आला की. त्यातले अन्न देवाला चालणारे. मटणाची गोष्ट अगदी उलटी. कित्येक घरांत त्याची चूल मागच्या अंगणात, टोप वेगळा, पळी वेगळी, आणि जत्रेला शिजवणारे हातही बहुधा पुरुषांचे. एक अन्न साठवणीचे आणि शुभकार्याचे, दुसरे त्या दिवशी कापून त्या दिवशीच संपवायचे. दोघांची फडताळे वेगळी होती.

पण इथे थांबले तर उत्तर अपुरे राहते. ज्या घरांत सोवळ्याचा प्रश्न नव्हता, तिथे तरी ही जोडी जमायला हवी होती. नागपूरच्या कोष्टी समाजातून आलेले सावजी मटण घ्या. विणकरांचे, श्रमणाऱ्या माणसांचे जेवण. विटाळाच्या कल्पनांनी अडून राहणारे नव्हे. शेजारच्या घरात सरगुंडे वाळत असताना सावजी रश्श्यात मात्र गव्हाचा धागा कधी पडला नाही. तिथे पडली ती पाटोडी, म्हणजे बेसनाची. या एका तपशिलात सगळे तांत्रिक कारण दडलेले आहे.

रश्श्याचा दोष

गव्हाची कच्ची शेवई उकळत्या द्रवात पडली की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. साठ अंशांच्या आसपास तिच्यातले पिष्टकण पाणी पिऊन फुगू लागतात आणि तापमान वाढेल तसे फुगत राहतात. त्याच वेळी पृष्ठभागावरचे पिष्ट सुटून द्रवात मिसळते. पहिल्या क्रियेने पाणी कमी होते, दुसरीने उरलेले पाणी दाटते. द्रव पातळ असेल तर हे हवेच असते. पाण्याला अंग येते. पण आपला रस्सा आधीच दाट केलेला असतो. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस यांचे वाटण म्हणजे पाण्यात तरंगणारा बारीक चोथाच. वर तेलाची तर्री. यात शेवई सोडली की ती नेमके पाणीच शोषते, चोथा आणि तेल मागे ठेवते. पाच-सात मिनिटांत टोपात लालसर खळ तयार होते आणि तेल बाजूला फुटते. तिखटाचेही तेच. मिरचीची आग मुख्यतः तेलात असते. ते तेल शेवईच्या अंगाला चिकटते आणि प्रत्येक घास रश्श्याच्या भुरक्यापेक्षा जास्त जळतो.

पाटोडी यातून का सुटते? तिचे बेसन रश्श्यात पडण्यापूर्वीच शिजवून, थापून, घट्ट झालेले असते. शिजून थिजलेले पिष्ट आणि डाळीचे प्रथिन रश्श्यातून फारसे पाणी घेत नाही आणि फारसे काही सोडतही नाही. मुंबईतल्या मेमन-खोजा घरांत मटण आणि भाज्यांच्या रश्श्यात पिठाच्या मुठिया सोडतात. त्यांचे पीठ बहुधा बाजरीसारखे, चिकटा न धरणारे, आणि तेलाचे मोहन घातलेले. त्यामुळे मुठिया लांबत नाही, गोळा राहते. आणि वरणफळे किंवा चकोल्या? त्यांत कच्ची कणीकच सोडतो, पण ते वरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि दाट व्हावे हीच अपेक्षा असते. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी आपण पीठ द्रवात सोडले, तिथे एकतर पीठ आधी बांधून घेतले किंवा द्रव आधी सैल ठेवला. तर्रीच्या रश्श्यात दोन्ही शक्य नाही.

एक तिसरी वाट आहे. मध्य आशियातला, उइगुर लोकांचा लग्मन त्या वाटेने जातो: हाताने ओढलेल्या लांब शेवया वेगळ्या उकडायच्या आणि मेंढीचे मांस, ढोबळी मिरची, टोमॅटो यांचा दाट रस्सा वरून घालायचा. असे सावजी रश्श्याबरोबरही करता येईल आणि खायला वाईट लागणार नाही. पण त्यात शेवईने मटणाकडून काही घेतलेले नसते. ती नुसत्या पाण्यात शिजलेली असते. भाकरीऐवजी शेवई, एवढाच तो बदल. एका भांड्यातला पदार्थ हवा असेल तर आधी द्रव बदलला पाहिजे.

तिबेटी माणसाने नेमके तेच केलेले आहे, आणि तो आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. बनारसचे विणकर तिबेटी मठांसाठी ग्यासर नावाचे जरीचे कापड अजूनही विणतात. भोसल्यांच्या जुन्या राज्यात म्हणाल तर आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ १९७२ सालापासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. इटियाडोह धरणाच्या शेजारी, धानाच्या मुलखात. म्हणजे घाट बांधणाऱ्यांच्या गावाकडे आणि घाटाच्या गावी, दोन्हीकडे थुक्प्याचे भांडे चुलीवर आहे. नागपूरकर मात्र हिवाळ्यात तिबेटी बाजारातून स्वेटर घेऊन घरी येतो आणि रात्री सावजीकडे जातो.

अळणीचे शास्त्र

कोल्हापूर-साताऱ्याकडे मटण दोन टप्प्यांत शिजते. पहिल्या टप्प्यात मसाला नाही. थोड्या तेलावर कांदा, आले-लसूण, हळद, मीठ, त्यावर मटण. ते आपल्याच पाण्यात परतले की मग पाणी. या पहिल्या पाण्याला अळणी म्हणतात. लहान पोराला, आजाऱ्याला, बाळंतिणीला ते वाटीने पाजतात. पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा दोन्ही त्यातूनच पुढे फुटतात. मोठ्यांच्या ताटात ते तसेच क्वचित येते, आणि हे मला आपल्या खाण्यातले एक मोठे नुकसान वाटते.

अळणी करताना टोपावर झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओततात. ही रीत वाफ अडवण्यासाठी आहे असे सांगतात, ते खरे आहे, पण पूर्ण नाही. ताटातल्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, वर आलेली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत मटणावर पडते. सुगंधाचे जे अंश वाफेबरोबर उडून गेले असते, त्यांतले बरेच परत येतात. पाणी कमी पडले की ताटातलेच गरम पाणी टोपात जाते. गार पाणी ओतले तर उकळी मोडते आणि शिजण्याची लय तुटते. मटण ‘दडसते’ असे जुन्या बायका म्हणतात त्याच्या मागे हेच. ऊर्जा, वास आणि वेळ तिन्ही वाचवणारी ही युक्ती कुठल्याही प्रयोगशाळेत शोभेल.

आत काय चालते? मांसाचे तंतू साठ-पासष्ट अंशांना आकसतात आणि पाणी पिळून टाकतात; अर्ध्या तासातले मटण म्हणून चिवट लागते. तंतूंना बांधणारी कोलॅजेनची आवरणे मात्र सत्तर अंशांच्या पुढे हळूहळू विरघळू लागतात, त्यांचे जिलेटिन होते. बोकडाच्या खांद्याला त्यासाठी मंद उकळीत दीड-दोन तास लागतात, जून जनावराला आणखी. हे जिलेटिनच अळणीला अंग देते. ते पाण्याला दाट करते, पण पिठासारखी खळ करत नाही. ओठ किंचित चिकटतात ते त्यामुळे. म्हणून या पदार्थासाठी खाटकाकडे रान मागू नये. खांदा, गर्दन, सीना आणि दोन-तीन नळ्या घ्याव्यात, ज्या भागांना आयुष्यभर काम पडले ते. चार माणसांना पाऊण किलो मटण आणि अडीच लिटर पाणी. शेवटी पावणेदोन लिटरच्या आसपास अळणी उरावी. पहिल्या उकळीला वर येणारा फेस म्हणजे गोठलेली प्रथिने. तो काढला तर पाणी नितळ राहते, आणि हे पाणी वाटणाखाली लपणार नसल्याने नितळ राहणे महत्त्वाचे. खळखळ उकळू दिले तर चरबी बारीक थेंबांत फुटून पाणी पांढुरके होते. कुकर वापरायला हरकत नाही, फक्त शिट्टी उचलून वाफ सोडू नये. दाब एकदम उतरला की आत तीच खळखळ होते.

जनावर कोणते, हा प्रश्न इथे उडवून लावता येत नाही. बनारसला काय, नागपूरला काय, मटण म्हणजे बोकड. महाराष्ट्रात मेंढीचे मटण आग्रहाने मागणारे लोक म्हणजे पुण्याजवळच्या वाडे बोल्हाईचे भक्त. त्यांना बोकड वर्ज्य आणि मेंढा चालतो, म्हणून खाटकाच्या पाटीवर ‘बोल्हाईचे मटण’ असे लिहिलेले दिसते. मेंढीच्या चरबीत शाखित साखळीची काही मेदाम्ले असतात, त्यांतूनच तो ओळखीचा उग्र वास येतो, आणि वय वाढते तसा तो वाढतो. शिवाय ती चरबी तुपापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला गोठते. वाटी जरा निवली की टाळूला चिकटते. म्हणून मेंढीची अळणी आदल्या दिवशी करून, वरची चरबी काढून, दुसऱ्या दिवशी वापरलेली बरी. बोकडाची चरबी मुळातच कमी; त्याला हा सोपस्कार नको. माझे मत विचाराल तर शेवयांसाठी कोवळी मेंढी बोकडापेक्षा सरस, कारण पिष्टाला थोडी चरबी लागतेच आणि मेंढीचा वास मुळ्याच्या वासाला पुरून उरतो.

उंचीचाही हिशेब आहे. ल्हासा सुमारे साडेतीन हजार मीटरांहून उंच. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. पिष्ट त्या तापमानाला नीट शिजते, पण कोलॅजेन विरघळायला फार वेळ जातो. म्हणून तिथल्या थुक्प्यात मांस बारीक चिरलेले नाहीतर सुकवलेले, आणि कणकेचे तुकडे पातळ. गंगेच्या काठी पाणी शंभराला टेकते. मांसाचे मोठे हाडासकट तुकडे चालतात, पण शेवई मात्र चटकन गळते. तिबेटी कृती खाली आणताना वेळ तशीच ठेवली तर हाती लापशी येते.

कणीक

चक्कीच्या पिठाची पोळी उत्तम होते, ओढीव शेवई वाईट होते. जात्याच्या दाबाने पिष्टकण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेले कण पाणी भराभर पितात. पोळी मऊ राहते ती त्यामुळे. उकळत्या पाण्यात हेच कण सर्वांत आधी सुटतात. शिवाय कोंड्याचे बारीक कण ग्लुटेनच्या जाळीला मध्येमध्ये तोडतात. आपल्या आज्या गहू ओलवून, कापडाने गाळून सपीठ काढत ते नुसत्या शुभ्रतेसाठी नव्हे. ओलवल्याने साल चिवट होऊन अखंड निघते, पिठात मिसळत नाही. सपीठ मिळत नसेल तर दोन भाग मैदा आणि एक भाग पोळीचे पीठ घ्यावे. चौघांना तीनशे ग्रॅम पीठ, चार-पाच ग्रॅम मीठ, आणि दीडशे-एकशेसाठ मिलिलिटर पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा चांगलीच घट्ट.

मिठाने ग्लुटेनचे धागे एकमेकांना घट्ट धरतात. क्षाराने आणखी. चीनमध्ये ओढीव शेवयांच्या कणकेत क्षार घालतात, त्यामुळे ती पिवळसर आणि लवचीक होते. आपल्याकडचा पापडखारही मुख्यतः सोडियमच्या कार्बोनेटांचाच. चिमूटभर घातला तर शेवई पाण्यात जास्त टिकते. त्याहून जास्त घातला तर साबणाची चव येते, आणि ती झाकायला जगात मसाला नाही.

मळण्यापेक्षा मुरण्याला महत्त्व द्यावे. नुकती मळलेली कणीक ओढली की रबरासारखी मागे येते. ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवली की पाणी सगळीकडे पोचते, जाळीतला ताण उतरतो आणि कणीक ओढाल तिकडे जाते. मग तिच्या बोटभर जाड पट्ट्या करून तेलाचा हात लावायचा. थुक्प्याच्या थेन्थुक या प्रकारात पट्टी डाव्या मनगटावर टाकतात, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने तिचे टोक दाबून पातळ करतात आणि नखाएवढा, फार तर दोन नखांएवढा तुकडा तोडून सरळ उकळत्या भांड्यात फेकतात. पाट नको, लाटणे नको, सुरीही नको. तुकड्याची कड फाटलेली असते, मधला भाग अंगठ्याने दबून पातळ झालेला असतो. फाटलेल्या कडेवर पाणी धरते आणि जाड बाजू दाताला लागते. हंगेरीत गुलाशच्या रस्साळ प्रकारात चिपेत्के सोडतात, तेही असेच चिमटून तोडलेले. आणि तिबेटी भाक्थुकात कणकेची छोटी गोळी अंगठ्याने दाबून शिंपल्यासारखी करतात, ते पाहून कुठलीही मराठी आजी ‘या तर नखुल्या’ म्हणेल. लग्नाच्या रुखवतात मांडून ठेवलेल्या त्या नखुल्यांचा खोलगट आकार रस्सा धरण्यासाठीच घडवल्यासारखा आहे. आपण त्यात दूध धरले.

डब्यातल्या वाळवलेल्या हातशेवया वापरता येतील का? येतील, पण त्या केसासारख्या बारीक असल्याने मिनिटा-दीड मिनिटात शिजतात आणि तिसऱ्या मिनिटाला विरतात. कोरड्या कढईत तांबूस भाजून घेतल्या तर पृष्ठभागावरच्या पिष्टाचे तुकडे पडतात, चिकटपणा घटतो. सरगुंडे जाड आणि पोकळ वळणाचे, म्हणून ते या पदार्थाला अधिक मानवतात. बनारसच्या किमामी शेवईच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती इतकी बारीक की अळणीत तिचे अस्तित्व उरत नाही. तिची जागा साखर, खवा आणि तुपातच.

मुळा आणि बाकीचे

बनारसचा हिवाळा भाज्यांच्या बाबतीत उदार असतो. शेजारच्या जौनपूरचा नेवार मुळा हाताएवढा लांब आणि मांडीएवढा जाड होतो. मुळा आणि शलगम या दोघांचा तिखटपणा चिरल्यावर विकरामुळे तयार होतो. उकळत्या पाण्यात पडताच ते विकर मरते आणि मागे गोडवा राहतो. फार शिजवले तर मात्र गंधकाचा वास सुटतो. म्हणून अर्ध्या बोटाच्या फोडी, पंधरा मिनिटे, बस. गाजर त्यांच्याबरोबर. बटाटा नको, पिष्ट सोडणारा एक गडी पुरे.

टोमॅटो घालायचाच तर कंदभाज्या शिजल्यावर. आम्ल पाण्यात पेक्टिन घट्ट राहते आणि मुळा अर्धा तास उकळला तरी दाताला लागतो. पालक किंवा मोहरीचा पाला शेवटच्या मिनिटाला. वर कोथिंबीर, नागपुरात जिला सांबार म्हणतात.

मसाल्यात तिबेटी लोक जीभ झिणझिणवणारी एक मिरी वापरतात. तिच्याच कुळातले, झँथोझायलम या वनस्पतीवंशातले, तिरफळ कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडते. ते मटणात घालायची आपल्याकडे रीत नाही. अळणीत मात्र ते चोख बसते. काळी बी काढून टाकावी, टरफले हलकी ठेचावीत, चौघांना पाच-सहा, आणि घालावीत ती शेवयांच्या आधी दोन मिनिटे. आधीपासून उकळली तर कडू होतात. लाल मिरची हवी असणाऱ्याने लसूण-मिरचीचा ठेचा वाटीत वेगळा घ्यावा. टोपात घातला की आपण पुन्हा तर्रीकडे निघालो.

तीन घड्याळे

या पदार्थात शिजण्याची तीन वेगवेगळी घड्याळे चालतात: मटणाचे दोन तासांचे, कंदांचे पंधरा मिनिटांचे, शेवईचे तीन-चार मिनिटांचे. बहुतेक बिघाड तिसऱ्या घड्याळाने दुसऱ्यासाठी थांबण्यात होतो. कंद शिजत आहेत तोवर कणीक तोडून ताटात पसरून ठेवली, की तुकडे एकमेकांना चिकटतात आणि टोपात गोळ्याने जातात. म्हणून कंद शिजून झाल्यावरच पट्टी हातात घ्यावी. एकटा माणूस तीनशे ग्रॅमची कणीक तोडायला आठ-दहा मिनिटे घेतो, म्हणजे पहिला तुकडा शेवटच्या तुकड्याच्या तिप्पट शिजतो. तिबेटी घरांत दोन-तीन माणसे टोपाभोवती उभी राहून तोडतात. शेवयांच्या पाटाभोवती बायका जमत त्याचेच हे उकळते रूप. माणसे नसतील तर कणीक दोन वाट्यांत विभागून, दोघांचे आधी, दोघांचे मागून असे करावे; एकदम सगळ्यांना वाढण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो.

शेवई पडताना अळणी जोरात उकळत असली पाहिजे. थंडावलेल्या पाण्यात तुकड्याचा पृष्ठभाग बांधला जाण्याआधीच पिष्ट सुटते. तुकडे वर तरंगले की आणखी मिनिटभर. मग पालक, चव पाहून मीठ, आणि आच बंद. पाणी आता सुरुवातीपेक्षा किंचित दाट असते, पळीच्या पाठीवर पातळ थर धरते. यापेक्षा दाट झाले तर शेवई जास्त पडली किंवा पाणी कमी. ताटातले गरम पाणी घालावे. खोबऱ्याचे दूध घालून यालाच पांढऱ्या रश्श्याकडे नेता येईल, ब्रह्मदेशातली खाउ स्वे त्याच वाटेवरची आहे, पण मग मुळा काढून टाकावा लागेल. त्या दोघांचे जमत नाही.

तिबेटी पंचांगात वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या एकोणतिसाव्या रात्री गुथुक होतो. त्यात नऊ जिन्नस असतात आणि कणकेच्या मोठ्या गोळ्यांत मिरची, मीठ, लोकर, कोळसा असे काहीबाही लपवलेले. ज्याच्या वाटीत जे निघेल त्यावरून त्याचा स्वभाव ठरवून घरचे त्याची थट्टा करतात. शुभकार्याची कणीक आणि मांसाचे पाणी यांना एकत्र आणायला तिथे कुणाची हरकत नव्हती, हे त्यावरून दिसते.

उरले तर शेवई आणि अळणी एकत्र ठेवू नयेत. रात्रभरात शेवई सगळे पाणी पिऊन फुगते आणि सकाळी टोपात भरड लापशी सापडते. अळणी वेगळी गाळून ठेवली तर थंडीत जिलेटिनमुळे थिजते, वर चरबीचा पातळ पापुद्रा येतो. तो काढून खालचे गरम केले की दोन दिवस चालते. कणीकही तेलाचा हात लावून, डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी जास्तच मऊ ओढली जाते. मुळा मात्र ताजा चिरावा.